दोन राजपुत्र आणि पावणेचार ग्रॅम चांदी

रोमन सम्राट ऑगस्टसचं देनारियस, म्हणजे चांदीचं नाणं, तळहातावर घेतलं, तर वजन जेमतेम पावणेचार ग्रॅम. अंगठ्याच्या नखाहून थोडं मोठं. छाप्यावर सम्राटाचं पर्णमुकुट घातलेलं मस्तक आहे, पण ते मध्यावर नाही. ठिपक्यांची कड एका बाजूला नाण्याबाहेर निसटली आहे. छाप्याचा ठसा ऐरणीत बसवलेला, त्यावर चांदीची चकती, तिच्यावर दुसरा ठसा हाताने धरलेला आणि वरून हातोड्याचा घाव. कारागिराचा हात जरा हलला की सम्राटही हलतो.

मी नाणं उलटून उजेड तिरपा करतो. सपाट उजेडात झिजलेली अक्षरं दिसत नाहीत. आता भिंगाखाली टोगा नेसलेले दोन तरुण उभे राहतात: गायस आणि लुसियस, ऑगस्टसचे नातू आणि दत्तक पुत्र. मध्ये ढाली आणि भाले. वर बारीकशा जागेत एक पळी आणि एक वाकड्या टोकाची काठी. पळी गायसच्या पौरोहित्याची, काठी शकुन पाहणाऱ्या लुसियसची. एवढ्याशा चांदीवर वारसाहक्काचा पूर्ण जाहीरनामा! लुसियस इ.स. 2 मध्ये गेला, गायस 4 मध्ये, आणि गादीवर आला टायबेरियस.

गंमत अशी, की हेच नाणं भारतात ढिगांनी सापडतं, विशेषतः कोइमतूरच्या परिसरात. सोबत असतं टायबेरियसचं, हातात फांदी घेऊन बसलेल्या स्त्रीचं. इथल्या व्यापाऱ्याला ते राजपुत्र कोण, जिवंत की मेलेले, याच्याशी देणंघेणं नसावं. ओळखीचं चित्र म्हणजे चोख चांदी, एवढा हिशोब मला पुरेसा वाटतो. इ.स. 64 मध्ये सम्राट नीरोने वजन आणि कस दोन्ही उतरवले. त्यानंतरची चांदीची नाणी इथे फारच थोडी मिळतात.

आपल्या बाजूला, पश्चिम किनाऱ्याकडे, देनारियस विरळाच. ‘पेरिप्लस’ हा त्या काळचा ग्रीक सागरी व्यापारग्रंथ तर सांगतो की भडोचला रोमन नाणी नफ्याने बदलून मिळत. मग ती गेली कुठे? पश्चिम भारतावर राज्य करणाऱ्या शक क्षत्रपांच्या टांकसाळीत वितळली असावीत, असं अनेक अभ्यासक मानतात. 1906 साली नाशिकजवळ जोगळटेंभीला क्षत्रप नहपानाची तेरा हजारांहून अधिक चांदीची नाणी सापडली. त्यातल्या नऊ हजारांवर नाण्यांच्या बाबतीत सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीने वितळवण्याचीही तसदी घेतली नव्हती. नहपानाच्या तोंडावरच आपला ठसा मारून ती पुन्हा चलनात सोडली होती.