५१ लाख किलोमीटर, एकच गाडी

इर्व गॉर्डन हे न्यूयॉर्कजवळच्या लाँग आयलंडवर राहणारे विज्ञानाचे शिक्षक. १९६६च्या जूनमध्ये त्यांनी लाल रंगाची व्होल्व्हो पी१८००एस घेतली. ‘द सेंट’ मालिकेत रॉजर मूर चालवायचा, तीच दोन दारांची देखणी स्पोर्ट्स कार. शाळेला जाऊन-येऊन रोजचे दोनशे किलोमीटर. सुट्टी लागली की गाडी घेऊन देशभर. १९८७मध्ये दहा लाख मैल झाले, २००२मध्ये वीस लाख आणि २०१३मध्ये अलास्कात तीस लाख. २०१८मध्ये ते वारले तेव्हा गाडी ५१ लाख किलोमीटरच्या पुढे गेली होती. पृथ्वी ते चंद्र हे अंतर तेरा वेळा कापण्याइतकं! एकाच मालकाने सर्वाधिक चालवलेली खासगी गाडी म्हणून तिची नोंद गिनीज बुकात आहे.

या इंजिनचं काम पहिल्यांदा निघालं ते जवळपास ११ लाख किलोमीटरनंतर. एवढं आयुष्य त्याला कशामुळे मिळालं?

चालत्या इंजिनमध्ये क्रँकशाफ्ट बेअरिंगला जवळजवळ टेकतच नाही. फिरता फिरता तो ऑईल स्वतःबरोबर फटीत ओढून घेतो आणि त्या दाबावर तरंगतो. हा थर केसाहून कितीतरी पातळ असतो, पण तो शाबूत आहे तोवर धातूला धातू घासत नाही. रात्रभर गाडी उभी राहिली की ऑईल खाली निथळतं. सकाळी चावी फिरवल्यावर पंपाचा दाब वर पोचेपर्यंतचे काही क्षण पृष्ठभागावर चिकटून राहिलेल्या ऑईलवरच निभावतात. झीज तेव्हा अधिक होते.

दुसरा शत्रू पाणी. एक लिटर पेट्रोल जळलं की साधारण एक लिटर पाणी तयार होतं. बहुतेक वाफ सायलेन्सरमधून निघून जाते, पण थोडी पिस्टनच्या रिंगांजवळून खाली ऑईलच्या चेंबरमध्ये उतरते. इंजिन गार असेल तर तिथेच तिचं पाणी होतं. ऑईलमध्ये आम्ल साठतं, गाळ धरतो. दूध आणायला दोन किलोमीटर जाऊन परत उभी केलेली गाडी हे पाणी पोटात घेऊनच झोपते. इंजिन तासभर नीट तापलं की ते उडून जातं. म्हणून माझं स्पष्ट मत आहे, गॉर्डन यांच्या गाडीला त्या रोजच्या लांब पल्ल्यानेच तगवलं. जुनी गाडी घेताना आपण फक्त मीटरचा आकडा पाहतो, ती कशी चालली आणि किती काळ नुसती उभी होती हे विचारतच नाही.

गाडीची घडणही साधी, दणकट होती. बिडाचा ब्लॉक, क्रँकशाफ्टला पाच मुख्य बेअरिंगं आणि कॅमशाफ्ट फिरवायला बेल्टऐवजी दातेरी चाकं. म्हणजे टायमिंग बेल्ट तुटून इंजिन निकामी व्हायची धास्तीच नाही. बाकी सगळी शिस्त मालकाची. दर पाच हजार किलोमीटरच्या आसपास ऑईल बदलायचं, मॅन्युअलमध्ये लिहिलंय ते वेळेवर करायचं आणि नवा आवाज आला तर त्याच दिवशी बघायचं.

काही गोष्टी मात्र किलोमीटर मोजत नाहीत, वर्षं मोजतात. रबरी होज पाइप उभ्या गाडीतही कडक होऊन चिरतात. कूलंटमधली गंजरोधक द्रव्यं संपत जातात. ब्रेक ऑईल हवेतली ओल शोषतं आणि त्याचा उत्कलनबिंदू घसरतो. मग लांब उतारावर ब्रेक तापले की त्यात वाफेचे बुडबुडे होतात आणि पेडल पोकळ लागतं.

तुमच्या गाडीचं मॅन्युअल डॅशबोर्डच्या कप्प्यात पडून असेल. देखभालीच्या तक्त्यात किलोमीटरच्या शेजारी महिन्यांचाही रकाना असतो. गाडी कमी चालत असेल तर आज तो रकाना वाचा.