दप्तर वखारीत ठेवा. पण पावती कुणाच्या नावावर?

आपल्या दूध संस्थेचे, पतसंस्थेचे किंवा शेतकरी उत्पादक कंपनीचे दप्तर आज नेमके कुठे आहे, हे तुम्ही कधी विचारलेत का? खतावणी सचिवांच्या कपाटात असायची तोवर हा प्रश्नच नव्हता. कपाट दिसायचे, किल्ली कुणाकडे ते ठाऊक असायचे. आता सकाळ-संध्याकाळचे दूध, फॅट, एसएनएफ, उचल, कपात, शेअरची रक्कम असे सगळे संगणकात जाते. आणि संगणकातून ते हल्ली 'क्लाउड'वर जाते असे सांगतात. क्लाउड म्हणजे ढग. पण तुमचा हिशेब आभाळात नसतो. तो कुठल्या तरी शहरात, कुणाच्या तरी यंत्रावर, कुणाच्या तरी नावाच्या खात्यात असतो.

प्राथमिक विकास सोसायट्यांच्या संगणकीकरणाची योजना केंद्राने २०२२ मध्ये मंजूर केली. देशातल्या ६३ हजार सोसायट्या आणि २,५१६ कोटींचा खर्च असा तेव्हा तिचा आवाका होता. ग्रामपंचायतीचा जमाखर्च ई-ग्रामस्वराजवर जातो. तिथे यंत्रणा सरकार ठरवते, आपल्याला निवड नाही. पण दूध संस्था, पतसंस्था, उत्पादक कंपनी यांना निवड आहे, आणि निवड आहे तिथे जबाबदारीही आहे.

वखार समजली की क्लाउड समजला

सोयाबीन घरी ठेवले तर उंदीर, ओल, चोरी सगळे आपणच बघायचे. वखारीत ठेवले तर कुलूप, धुरी, विमा हे वखारवाले बघतात. आपण भाडे भरतो आणि आपल्या नावाची पावती घेतो. त्या पावतीवर बँक तारण कर्जही देते.

'मॅनेज्ड डेटाबेस' म्हणजे हिशेबाची अशीच वखार. डेटाबेस म्हणजे ओळीने, रकान्याने लावलेली खतावणी. संस्थेच्या खोलीतल्या यंत्रावर तो ठेवला तर वीज गेली, व्होल्टेज वाढले, हार्ड डिस्क बसली, की सगळे आपल्या अंगावर. मॅनेज्ड सेवेत यंत्र, वीज, दुरुस्ती, डेटाबेसची नवी आवृत्ती चढवणे आणि रोजची नक्कल काढणे ही कामे कंपनी करते. मात्र आत काय भरले, कुणाला किल्ली दिली आणि चुकीची नोंद कुणी केली, हे वखारवाला बघत नाही. ते आपलेच काम.

तीन मोठ्या वखारी

भारतात या धंद्यातली तीन मोठी नावे म्हणजे ॲमेझॉन, मायक्रोसॉफ्ट आणि गूगल. तिघांचीही केंद्रे महाराष्ट्रात आहेत. मायक्रोसॉफ्टच्या ॲझ्युअरचे केंद्र पुण्यात २०१५ मध्ये सुरू झाले. ॲमेझॉनचे मुंबईत २०१६ मध्ये आणि गूगलचे मुंबईतच २०१७ मध्ये. म्हणजे 'आमचा हिशेब परदेशात जाईल' ही भीती घालवता येते. पण खाते उघडताना केंद्र भारतातलेच निवडले का, हे विचारलेच पाहिजे.

ॲमेझॉनची आरडीएस ही सेवा २००९ पासूनची. तीत मायएसक्यूएल, पोस्टग्रेस, मारियाडीबी, ओरॅकल, एसक्यूएल सर्व्हर असे बरेच डेटाबेस चालतात. गूगलच्या क्लाउड एसक्यूएलमध्ये मायएसक्यूएल, पोस्टग्रेस आणि एसक्यूएल सर्व्हर हे तीन. मायक्रोसॉफ्टची ॲझ्युअर एसक्यूएल ही तिच्या स्वतःच्या एसक्यूएल सर्व्हरवर बेतलेली. मायएसक्यूएल आणि पोस्टग्रेससाठी तिच्या वेगळ्या सेवा आहेत.

म्हणून पहिला प्रश्न कंपनीचा नाही, तर आपले सॉफ्टवेअर कोणत्या डेटाबेसवर बांधले आहे, हा. ते एसक्यूएल सर्व्हरवर असेल तर ॲझ्युअर आधी पाहावे. पण जुने सॉफ्टवेअर तिथे जसेच्या तसे चालेल असे धरून चालू नका, आधी चाचणी घ्या. मायएसक्यूएल किंवा पोस्टग्रेसवर असेल तर तिघांचेही दार उघडे आहे. हे दोन्ही डेटाबेस खुले आहेत. उद्या एका वखारीतून माल काढून दुसरीत न्यायचा झाला तर त्रास कमी.

मागची नोंद परत मिळते का?

समजा, सकाळी ११ वाजून २० मिनिटांनी कारकुनाच्या हातून गवळीवार यादीच पुसली गेली. या सेवांत ११ वाजून १९ मिनिटांची स्थिती परत आणता येते. आरडीएस आणि ॲझ्युअर एसक्यूएलमध्ये ही सोय जास्तीत जास्त ३५ दिवस मागेपर्यंत मिळते. ॲझ्युअरच्या अगदी स्वस्त प्रकारात ७ दिवसच. गूगलकडे साधारणपणे ७ रोजच्या नकला राहतात, ती संख्या वाढवता येते. अमुक मिनिटाला परत जाण्याची सोय चालू केली आहे ना, हे मात्र तिथे तपासून घ्यावे.

एक गोष्ट नीट ध्यानात ठेवा. अशी जुनी स्थिती आणली की ती नवा डेटाबेस म्हणून बाजूला उभी राहते. मग सॉफ्टवेअरला नवा पत्ता द्यावा लागतो. हे काम कोण करणार, किती वेळात करणार, हे आधी ठरलेले बरे. नाहीतर दहा दिवसांचे बिल वाटायच्या दिवशीच धावपळ.

आणि ३५ दिवस हे लेखापरीक्षणाला पुरत नाहीत. गेल्या वर्षीची चूक यंदा सापडते. त्यासाठी महिन्याची नक्कल वेगळी जपावी. ॲझ्युअर एसक्यूएलमध्ये १० वर्षांपर्यंत नक्कल ठेवण्याची सोय आहे. आरडीएसमध्ये हाताने काढलेली नक्कल आपण पुसेपर्यंत राहते.

जोडयंत्र म्हणजे बॅकअप नव्हे

तिन्ही कंपन्या जादा पैसे घेऊन दुसरे यंत्र सज्ज ठेवतात. एक बंद पडले की दुसरे काम उचलते. त्याचा खर्च जवळजवळ दुप्पट होतो. काही विक्रेते यालाच 'बॅकअप आहे' म्हणतात. तसे नाही. पहिल्या यंत्रावर यादी पुसली की दुसऱ्यावरही ती त्याच क्षणी पुसली जाते. मोटार जळेल म्हणून दुसरी मोटार ठेवली, पण विहिरीतच पाणी नसेल तर दोन्ही मोटारी कोरड्याच!

जगाचे अनुभवही हेच सांगतात. जानेवारी २०१७ मध्ये गिटलॅब या संगणक क्षेत्रातल्याच कंपनीत, डेटाबेस स्वतः सांभाळत असताना, एका कर्मचाऱ्याच्या हातून चालू डेटाबेस पुसला गेला. नकला काढण्याच्या अनेक पद्धती कागदावर होत्या; ऐनवेळी त्या कामी आल्या नाहीत आणि सुमारे ६ तासांच्या नोंदी गेल्या. मार्च २०२१ मध्ये फ्रान्समधल्या स्ट्रासबर्ग इथे ओव्हीएच कंपनीच्या केंद्राला आग लागली. ज्यांची नक्कल दुसरीकडे नव्हती अशा ग्राहकांचे कायमचे नुकसान झाले. मे २०२४ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या युनिसुपर या निवृत्तिवेतन फंडाची गूगल क्लाउडवरची एक यंत्रणा चुकून पुसली गेली. सभासद ६ लाखांवर. सेवा आठवड्याहून जास्त खोळंबली. पण वेगळी ठेवलेली नक्कल होती म्हणून नोंदी परत आल्या.

बियाण्याची उगवण तपासल्याशिवाय आपण पेरतो का? मग नक्कल परत उभी करून पाहिल्याशिवाय 'बॅकअप आहे' असे तरी कसे म्हणायचे? तिमाहीला एकदा ती उगवण तपासा.

मीटर कसा पळतो?

बिलाचे भाग असे: यंत्र चालू असल्याचे तास, साठवलेला डेटा, जादा नकला, बाहेर नेलेला डेटा, आणि वर जीएसटी. कुणी वापरो न वापरो, यंत्र चालू आहे तोवर मीटर पळतो.

उत्पादक कंपनीची खरेदी हंगामापुरती असते. मग उरलेले महिने यंत्र बंद ठेवता येईल का? इथे फरक आहे. आरडीएसचे यंत्र थांबवले तरी ७ दिवसांनी आपोआप सुरू होते. ॲझ्युअर एसक्यूएलच्या 'सर्व्हरलेस' प्रकारात काम नसले की ते स्वतःच झोपते आणि तेवढ्या वेळेचे यंत्रभाडे लागत नाही. जागे व्हायला मात्र थोडा वेळ घेते. गूगलचे यंत्र आपण थांबवू शकतो, साठवणीचे भाडे सुरूच राहते. १ किंवा ३ वर्षांचा करार केला तर सवलत मिळते. पण पहिल्या वर्षी करारात अडकू नका. आधी एक हंगाम बिल पाहा.

सगळ्यांनाच हवे का?

मुळीच नाही. एक केंद्र, एक संगणक, एक कारकून आणि दोन-तीनशे सभासद असतील तर रोजची नक्कल दोन वेगळ्या जागी ठेवली तरी भागते. संकलन केंद्रे चार ठिकाणी आहेत, सभासदांना मोबाइलवर बिल पाहायचे आहे, एकाच वेळी अनेकजण नोंदी करतात, अशा वेळी ही सेवा कामाची. आणि गावात नेट गेले तर काय? सॉफ्टवेअरने दूध आधी जागेवरच नोंदवून नेट आल्यावर पुढे पाठवले पाहिजे. हे जमत नसेल तर कितीही मोठ्या कंपनीचा क्लाउड घ्या, संकलन बंद पडणार.

खरी मेख पावतीत

तिन्ही वखारी मजबूत आहेत. संस्था अडचणीत येण्याची वाट बहुधा वेगळीच असते. सॉफ्टवेअर देणारा स्वतःच्या ईमेलवर, स्वतःच्या कार्डावर खाते उघडतो. संस्था त्याला पैसे देते आणि निश्चिंत होते. तो भांडला, गाव सोडून गेला किंवा त्याने बिल थकवले तर क्लाउड कंपनी संस्थेला ओळखतच नाही. तिच्या लेखी माल त्याचा. खाते बंदच केले तर ॲमेझॉनकडे ९० दिवसांत ते परत उघडता येते. पण ते उघडण्याचा हक्क खातेदाराचा, तुमचा नव्हे.

सभासदांची नावे, मोबाइल, बँक खाती यांची जबाबदारीही झटकता येणार नाही. वैयक्तिक डेटा संरक्षणाचा जो कायदा संसदेने २०२३ मध्ये केला, त्यात काम दुसऱ्याला दिले तरी उत्तरदायित्व मूळ संस्थेवरच ठेवले आहे.

तेव्हा येत्या सर्वसाधारण सभेत हे पाच प्रश्न विचारा आणि उत्तरे ठरावात लिहून घ्या:

१. क्लाउडचे खाते संस्थेच्या नावावर, संस्थेच्या ईमेलवर आहे का? बिल थेट संस्थेला येते का?

२. मुख्य किल्ली किती जणांकडे आहे? सचिव बदलले की ती कशी सोपवायची?

३. केंद्र कोणत्या शहरात? दुसरी नक्कल कोणत्या शहरात?

४. नक्कल परत उभी करून शेवटची कधी पाहिली? तारीख काय?

५. उद्या सॉफ्टवेअरवाला बदलला तर सगळा डेटा कोणत्या रूपात, किती दिवसांत हातात मिळेल?

ॲमेझॉन, मायक्रोसॉफ्ट की गूगल, हा निर्णय त्यानंतरचा. सचिवांना पाचही उत्तरे तोंडपाठ असतील तर तिघांपैकी कुणीही चालेल. पहिल्याच प्रश्नाला जर ते सॉफ्टवेअरवाल्याचा नंबर शोधू लागले, तर आधी पावती आपल्या नावावर करून घ्या!