दशांश चिन्हानंतरचे शून्य

मंगरूळपीरच्या कृषी उत्पन्न बाजार समितीत सोयाबीन, तूर किंवा हरभऱ्याचा लिलाव क्विंटलच्या दराने होतो, मात्र काट्यावर वजन किलोत उतरते. म्हणून हिशोबपट्टी करताना किलोचे क्विंटल करावे लागतात. एका क्विंटलचे १०० किलो असल्याने दशांश चिन्ह दोन घरे डावीकडे सरकवले की काम भागते. या रीतीने १८ क्विंटल ५ किलो म्हणजे १८.०५ आणि १८ क्विंटल ५० किलो म्हणजे १८.५०. परंतु संगणकावरील तक्त्याने शेवटचे शून्य गाळून दुसरी संख्या १८.५ अशी दाखवली, तर ती 'अठरा क्विंटल पाच किलो' अशी वाचली जाण्याची शक्यता असते. या दोन वाचनांत ४५ किलोंचे अंतर पडते, आणि समजा दर ४,२०० रुपये असेल, तर ते अंतर १,८९० रुपयांचे होते.

हिशोबाच्या सॉफ्टवेअरमध्ये आडव्या ओळी आणि उभे रकाने असलेला जो तक्ता पडद्यावर दिसतो, त्याला डेटा ग्रिड म्हणतात. त्याच्या प्रत्येक चौकटीत दोन गोष्टी वेगवेगळ्या नांदत असतात : एक, स्मृतीत साठवलेले मूल्य आणि दुसरी, ते मूल्य ज्या रूपात दिसते ते रूप, म्हणजे फॉरमॅट. मायक्रोसॉफ्टच्या डॉटनेट प्रणालीत हे रूप एका छोट्या सूत्राने ठरते. सूत्रात दशांश चिन्हानंतर दोन शून्ये लिहिली तर तेथे अंक नसला तरी शून्य छापले जाते आणि त्यांच्या जागी हॅशची चिन्हे लिहिली तर अनावश्यक शून्य गळून पडते. वजनाच्या रकान्याला पहिलेच सूत्र लागते, कारण तेथे शेवटचे शून्य हा किलोच्या एककाचा अंक असतो. शिवाय सर्व संख्या उजवीकडे टेकवून मांडल्या की दशांश चिन्हे एकाखाली एक येतात आणि चुकलेली नोंद नजरेत भरते.

रूप बदलल्याने मूल्य बदलत नाही, आणि बेरजेतील पुष्कळशा तक्रारी येथूनच उगम पावतात. तीन ओळींत प्रत्येकी १०.३३४ रुपये साठवलेले असतील तर पडद्यावर तीन वेळा १०.३३ दिसते, या दिसणाऱ्या आकड्यांची बेरीज ३०.९९ येते, तर संगणक मूळ मूल्यांची बेरीज ३१.००२ धरून ३१.०० दाखवतो. म्हणून तोलाई, हमाली यांसारखी प्रत्येक वजावट आधी पैशांपर्यंत पूर्णांकित करून साठवावी आणि मगच बेरीज करावी, ही रीत सुरक्षित ठरते. पूर्णांकनाचेही प्रकार आहेत. डॉटनेटमधील नेहमीचे गणिती पूर्णांकन अर्ध्यावर आलेली संख्या जवळच्या सम अंकाकडे नेते, त्यामुळे २.५ चे २ होतात. परंतु तीच संख्या बिनदशांश रूपात दाखवायला सांगितली तर पडद्यावर ३ उमटतात.

संगणकाच्या द्विमान पद्धतीची अडचण याहून खोल आहे. १९८५ साली प्रमाणित झालेल्या आणि आज सर्वत्र रुळलेल्या पद्धतीनुसार अपूर्णांक दोनाच्या घातांत साठवले जातात, आणि ०.१ ही साधी संख्या त्या पद्धतीत नेमकी बसत नाही, म्हणूनच ०.१ आणि ०.२ यांची बेरीज करताना सतराव्या दशांश स्थळी ४ हा अंक डोकावतो. दोन स्थळांचे सूत्र तो झाकते, पण काढून टाकत नाही. यासाठी पैशांच्या व वजनांच्या रकान्यांना दशमान पद्धतीने साठवणारा स्वतंत्र प्रकार वापरतात.

दिसायला दशांश, पण स्वभावाने दशांश नसलेली मापे मात्र या सर्व उपायांना दाद देत नाहीत. सातबाऱ्यावरील हेक्टर, आर आणि चौरस मीटर ही मापे शंभराच्या पटीत असल्याने १ हेक्टर २० आर ५० चौरस मीटर हे १.२०५० हेक्टर असे सरळ लिहिता येते. बोलण्यात मात्र एकर-गुंठे टिकून आहेत आणि एका एकराचे ४० गुंठे असतात. २ एकर २० गुंठे कोणी २.२० असे नोंदवले तर त्याचा अर्थ अडीच एकर, म्हणजे सुमारे १.०१ हेक्टर, संगणक मात्र त्याला दशांश समजून सुमारे ०.८९ हेक्टर काढतो आणि १२ गुंठे नाहीसे होतात. १ एकर २५ गुंठ्यांच्या दोन तुकड्यांची बेरीजही यंत्र २.५० अशी करील, जी खरी ३ एकर १० गुंठे आहे. १ एप्रिल १९५७ रोजी दशमान नाणी येण्यापूर्वी रुपये, आणे आणि पै यांच्यासाठी वेगवेगळे रकाने आखले जात, ते याच कारणाने. आजही एकर आणि गुंठे दोन रकान्यांत घ्यावेत, आत एकच चौरस मीटरची संख्या साठवावी आणि हवे ते रूप तिच्यावरून तयार करावे.

स्थानिक संकेतांचा विचारही आवश्यक असतो. भारतीय पद्धतीत १२,३४,५६७.५० असे लिहिले जाते, तर जर्मनीत स्वल्पविराम हेच दशांश चिन्ह असते. म्हणून १८,०५ ही जर्मन नोंद भारतीय मांडणीवर चालणाऱ्या डॉटनेट प्रोग्रामने वाचली तर ती १८०५ होऊ शकते. यास्तव रकान्यात किती दशांश स्थळे दाखवायची हे ठरवण्यापूर्वी त्या रकान्यातील एकक कोणत्या पटीने वाढते आणि तो आकडा कोण वाचणार आहे, याचा निर्णय प्रोग्राम लिहिणाऱ्याने आधी केला पाहिजे.