व्हॉल्व्हचा रेडिओ पुन्हा बोलता करताना

माळ्यावरचा जुना मर्फी किंवा फिलिप्स खाली उतरवला, की पहिला मोह होतो प्लग लावून पाहण्याचा. तेवढं मात्र करू नका. अनेक वर्षं पडून राहिलेल्या संचातले कंडेन्सर बहुधा निकामी झालेले असतात. थेट 230 व्होल्ट दिले, तर आज सहजी न मिळणारा ट्रान्सफॉर्मर जळू शकतो.

आधी मागचा पुठ्ठा काढा, मऊ ब्रशने धूळ झटका आणि व्हॉल्व्हवरचे नंबर वहीत उतरवून घ्या. काच पुसताना ते सहज निघून जातात. नंबर 'यू'ने सुरू होत असतील (यूसीएच 81, यूसीएल 82), तर संच एसी-डीसी आहे. त्याची चॅसी थेट मेन्सला जोडलेली असते आणि तिला हात लागणं जीवघेणं ठरू शकतं. नवशिक्याने असा संच जाणकाराकडेच द्यावा. 'ई'चे नंबर असलेला, ट्रान्सफॉर्मरवाला संच शिकायला बरा.

त्यात चार व्हॉल्व्ह कामं वाटून घेतात. समजा, पुणे केंद्राचे 792 किलोहर्ट्‌झ लावले. ईसीएच 81 स्वतः 1247 किलोहर्ट्‌झची लहर तयार करतो आणि दोन्ही मिसळून 455चा फरक काढतो. स्टेशन कोणतंही लावा, फरक तेवढाच राहतो. म्हणून पुढचा भाग एकाच लहरीसाठी नेमका जुळवता येतो. ईबीएफ 89 ती लहर वाढवून त्यातला आवाज वेगळा करतो, ईसीएल 82 स्पीकर हलवण्याइतकं बळ देतो आणि ईझेड 80 या सगळ्यांना लागणारा सुमारे 250 व्होल्टचा डीसी पुरवतो.

आता कंडेन्सर. पहिला बदला तो ईसीएल 82च्या आउटपुट भागाच्या ग्रिडकडे जाणारा. तो गळू लागला, की ग्रिडवर नको तो धन दाब येतो, व्हॉल्व्ह प्रमाणाबाहेर तापतो आणि आउटपुट ट्रान्सफॉर्मरही घेऊन जातो. मग मेणाचे बाकीचे कंडेन्सर आणि फिल्टरचा इलेक्ट्रोलिटिक. रेडिओतली 'घूंऽऽ' बहुतेकदा या शेवटच्याचीच. एका वेळी एकच काढा, त्याच मूल्याचा, तितक्याच किंवा जास्त व्होल्टचा नवा लावा, डाख द्या, मगच पुढचा. सगळे एकदम काढले, की जोडण्यांचा गोंधळ होतो.

पहिल्यांदा वीज द्यायची ती सिरीज बोर्डातून, 60 वॉटचा जुन्या पद्धतीचा पिवळा बल्ब लावून. बल्ब लख्ख पेटून मंद झाला, तर ठीक. लख्खच राहिला, तर आत शॉर्ट आहे. लगेच बंद करा. बंद केल्यावरही इलेक्ट्रोलिटिकमध्ये विद्युतभार उरतो. तो रेझिस्टरमधून उतरवून मीटरवर खात्री केल्याशिवाय आत हात घालू नका.

फोनवरची गाणी याच रेडिओवर ऐकायची असतील, तर लाकडाला भोक पाडायची गरज नाही. बऱ्याच संचांच्या पाठीमागे ग्रामोफोनसाठी 'पीयू' सॉकेट असतं. फोनच्या डाव्या-उजव्या तारांना प्रत्येकी 1 किलोओहमचा रेझिस्टर लावा, त्यांची दुसरी टोकं एकत्र करून तिथे जोडा. एसी-डीसी संचाला मात्र फोन कधीही जोडू नका.

काढलेले जुने भाग पाकिटात घालून खोक्यातच ठेवा. पुढे कुणाला संच मूळ रूपात हवा असेल, तर तो तसा करता आला पाहिजे.