बॉक्सिंग किती दिवसांत जमतं?

बॉक्सिंगच्या क्लासला नाव घालताना पहिला प्रश्न हाच असतो. आठवड्यातून तीन दिवस नेमाने गेलं, तर साधारण तीन-चार महिन्यांत उभं राहण्याची ढब, गार्ड (चेहरा झाकणारी हातांची ठेवण) आणि जॅब, क्रॉस, हुक हे ठोसे अंगवळणी पडतात. समोर माणूस उभा असताना हेच सगळं न गडबडता करायला वर्षभर तरी लागतं. स्पर्धेत भरवशाने उतरायचं, तर त्यापुढे आणखी दोन-तीन वर्षं धरा.

दंडात ताकद असली की हा काळ घटतो, हा सर्वांत चिवट गैरसमज. ठोसा हातात तयार होत नाही. मागच्या पायाचा चवडा जमीन रेटतो, कंबर वळते, खांदा पुढे येतो आणि हात सर्वांत शेवटी पोचतो. व्यायामशाळेत अंग कमावलेली मुलं सुरुवातीला लवकर धापा टाकतात, कारण सगळं शरीर आवळून धरतात आणि श्वास कोंडतात. घड्याळ लावून तीन मिनिटांची एक फेरी शॅडो बॉक्सिंग, म्हणजे समोर कुणी नसताना हवेत ठोसे मारण्याचा सराव, करून पाहा. दुसऱ्या मिनिटातच जॅब मारलेला हात हनुवटीकडे परत न येता छातीपाशी घुटमळू लागतो. दमल्यावरही तो आपसूक गालाशी परतायला लागला, की शिक्षण मुरतंय असं समजावं. ठोसे मारायची टांगलेली बॅग किती जोरात हलते यावरून हे कळत नाही. बॅग उलटून मारत नाही.

‘लहानपणी सुरुवात नाही, तर संपलंच’ हेही खरं नाही. ब्रिटनचा अँथनी जोशुआ 18 व्या वर्षी बॉक्सिंगकडे वळला आणि 2012 मध्ये त्याने लंडन ऑलिंपिकचं सुवर्ण जिंकलं. मेरी कोमने 2000 च्या सुमारास सुरुवात केली आणि 2001 मध्ये जागतिक स्पर्धेत रौप्य मिळवलं. मात्र मेरी त्याआधी ॲथलेटिक्समध्ये होती, हे सांगायचं राहून जातं. दुसरीकडे निखत झरीन 2011 मध्ये ज्युनिअर जगज्जेती झाली, पण सीनिअर गटातलं जगज्जेतेपद तिच्या हाती आलं 2022 मध्ये. त्यामुळे दुसऱ्याचं वेळापत्रक स्वतःला लावू नये.

सर्वांत घातक समज स्पॅरिंगचा, म्हणजे जोडीदाराशी होणाऱ्या सरावाच्या लढतीचा. रोज मार खाल्ला की माणूस तयार होतो आणि हेडगार्ड असलं की काळजी नाही, असं सर्रास बोललं जातं. हेडगार्ड कातडी फुटण्यापासून वाचवतं. डोक्याला बसणाऱ्या हिसक्याने मेंदू हादरतो, ते थांबवत नाही. ठोशानंतर डोकं दुखलं, गरगरलं किंवा अंधारी आली, तर सराव तिथेच थांबवून डॉक्टरांना दाखवायला हवं.

म्हणून क्लास निवडताना फी विचारण्याआधी एवढं विचारा: नवख्याला स्पॅरिंगला कधी उतरवता? ‘पहिल्याच आठवड्यात’ असं उत्तर आलं, तर दुसरा क्लास बघा.