‘८७ टक्के बरे झाले’ म्हणजे नेमके किती? रिसर्चच्या आकड्यांतून पेशंट कसे गायब होतात

मोबाईलवर बातमी येते, ‘नव्या उपचाराने ८७ टक्के मुलं बरी’. आपण शेअर करतो आणि पुढे स्क्रोल करतो. पण हा टक्का काढताना भागाकारात खाली कोणता आकडा ठेवला, हे बातमीत क्वचितच लिहिलेलं असतं. सगळी गोम तिथेच आहे.

समजायला सेमाडोह घेऊ. परतवाडा–धारणी रस्त्यावरचं, मेळघाटच्या जंगलातलं, सिपना नदीकाठचं गाव. बऱ्याच जणांना ते फक्त वाघांच्या सफारीमुळे माहीत असतं. समजा, इथल्या एकाचं अपेंडिक्सचं ऑपरेशन अमरावतीत झालं. चार दिवसांनी डिस्चार्ज मिळाला आणि घाटातून तो घरी आला. जखमेत पू होतो तो बऱ्याचदा घरी पोचल्यावर, आठवड्या-दीड आठवड्याने. म्हणून रिसर्चमध्ये असं इन्फेक्शन ऑपरेशननंतर ३० दिवसांपर्यंत मोजतात. हर्नियासारख्या काही ऑपरेशनांत तर ९० दिवस. आता या माणसाने जवळच कुठेतरी ड्रेसिंग करून घेतलं आणि हॉस्पिटलचा फोन आला तेव्हा त्याला रेंज नव्हती. रेकॉर्डमध्ये काय राहणार? ‘गुंतागुंतीची नोंद नाही’. नोंद नाही आणि गुंतागुंत नाही, या दोन गोष्टी कागदावर अगदी सारख्या दिसतात.

चिकाटीने मोजलं की काय दिसतं, याचं चांगलं उदाहरण म्हणजे २०१८ मध्ये आलेला ‘ग्लोबलसर्ग’ अभ्यास. ६६ देशांतली ३४३ हॉस्पिटलं आणि पोटाची ऑपरेशनं झालेले १२,५३९ पेशंट. ३० दिवसांत १२.३ टक्के लोकांच्या जखमेत इन्फेक्शन झालं. विकसित देशांत हे प्रमाण ९.४ टक्के होतं, सगळ्यात मागासलेल्या देशांत २३.२. पुढे २०२२ मध्ये भारतासह सात देशांत १३,३०१ पेशंटवर एक साधी गोष्ट तपासली गेली: पोट शिवण्याआधी डॉक्टरांनी हातमोजे आणि हत्यारं बदलली तर? इन्फेक्शन १८.९ वरून १६ टक्क्यांवर आलं. म्हणजे शंभरात तिघांहूनही कमी फरक. शंभरातल्या दहा-पंधरा जणांचा पत्ताच लागला नसता, तर एवढासा फरक सहज झाकून गेला असता.

ल्युकेमियात, म्हणजे रक्ताच्या कॅन्सरमध्ये, हा गोंधळ आणखी वाढतो. हा आजार कापून काढता येत नाही. मुलांमध्ये सगळ्यात जास्त दिसणाऱ्या ‘एएलएल’ प्रकारात केमोथेरपी दोन-अडीच वर्षं चालते. सुरुवातीच्या महिन्यांतच मूल खेळायला लागतं, बरं दिसतं. पण तिथे थांबलं तर आजार उलटण्याची भीती मोठी. सेमाडोहहून आधी अमरावती, तिथून मुंबईला रात्रभराची रेल्वे, राहायची सोय नाही, घरी शेतीची कामं. काही कुटुंबं मध्येच उपचार सोडतात, यात नवल ते काय?

आता हे ढोबळ गणित बघा. आकडे निव्वळ समजण्यासाठी घेतलेत. १०० मुलांवर उपचार सुरू झाले. ७० जिवंत, १० दगावली, २० परत आलीच नाहीत. ही २० बाजूला ठेवली तर ८० पैकी ७०, म्हणजे साडेसत्त्याऐंशी टक्के. ती अपयशात धरली तर ७० टक्के. हॉस्पिटल तेच, औषध तेच, मुलंही तीच.

शोधनिबंधांत जगण्याचा जो पायऱ्यापायऱ्यांचा आलेख असतो, त्यात अशा हरवलेल्या पेशंटवर बहुधा छोटी उभी खूण असते. याला ‘सेन्सॉरिंग’ म्हणतात. क्रिकेटमधल्या ‘रिटायर्ड हर्ट’सारखं समजा. बॅट्समन मैदान सोडून गेला, पण आउट धरत नाहीत, त्यामुळे ॲव्हरेज शाबूत. या पद्धतीत एक गृहीतक आहे: जे गेले त्यांचं पुढे राहिलेल्यांसारखंच झालं असेल. उपचार अर्धवट सुटलेल्या मुलाबाबत हे गृहीतक मला तरी पटत नाही. म्हणून बरेच संशोधक उपचार सोडणं हीच एक वाईट घटना धरून दुसरा, कमी दिसणारा आकडाही देतात. दोन्ही आकडे देणारा अभ्यास जास्त भरवशाचा.

आणि ही गळती थांबवता येते. मुंबईच्या टाटा मेमोरियलमध्ये २००९ मध्ये कॅन्सर झालेल्या मुलांपैकी साधारण २० टक्के मुलांचे उपचार नाकारले जात किंवा अर्धवट सुटत. इम्पॅक्ट फाउंडेशनच्या माध्यमातून पैसे, राहणं, जेवण, समुपदेशन आणि गैरहजर कुटुंबांचा पाठपुरावा सुरू झाला आणि काही वर्षांतच हे प्रमाण ५ टक्क्यांच्या आसपास आलं.

पुढच्या वेळी अशी बातमी दिसली की मूळ अभ्यासात दोनच गोष्टी शोधा: किती दिवस पाठपुरावा केला आणि किती जण हरवले. भारतातल्या क्लिनिकल ट्रायलची नोंद ‘सीटीआरआय’च्या वेबसाइटवर फुकट बघता येते. २००९ पासून ती सक्तीची आहे. काय मोजणार आणि कधी मोजणार, हे तिथे आधीच लिहिलेलं असतं.

घरात कुणाचं ऑपरेशन असेल तर हॉस्पिटलला दोन नंबर द्या. एक तुमचा, दुसरा परतवाड्यासारख्या रेंज असलेल्या ठिकाणच्या नातेवाइकाचा. डिस्चार्ज कार्डचा फोटो काढून ठेवा. जखमेचा फोटो रोज उजेडात, साधारण तेवढ्याच अंतरावरून काढा, म्हणजे लाली पसरतेय का ते कळतं. पू, ताप किंवा टाका उसवला तर मात्र फोटो पाठवून उत्तराची वाट बघत बसू नका, थेट आरोग्य केंद्र गाठा. केमो चालू असलेल्या मुलाला ताप आला तर ती इमर्जन्सीच. पॅरासिटामॉल देऊन सकाळपर्यंत थांबायचं नाही. निघतानाच हॉस्पिटलला फोन लावा, रेंज नसेल तर रस्त्यात जिथे मिळेल तिथून.