वर्षाच्या उंबरठ्यावरील बाळ

दुकानाचे शटर ओढून, गल्ल्याचा हिशेब मिटवून वडील रात्री घरी येतात. दहा महिन्यांचे बाळ अजून जागेच असते. ते मोठ्या हौसेने हात पुढे करतात, आणि बाळ आईच्या खांद्यात तोंड लपवून रडू लागते. कालपरवापर्यंत कोणाच्याही कडेवर जाणारे मूल एकाएकी असे का बिथरले? दृष्ट लागली, असे आजीला वाटते. एकट्या आईचीच सवय लावली, असा ठपका सुनेवर येतो. वडील मुकाट्याने हात-पाय धुवायला जातात.

वस्तुतः येथे बिघडलेले काहीच नसते. आठव्या-नवव्या महिन्यापासून बाळाची स्मृती बळावते. स्वित्झर्लंडचे मानसशास्त्रज्ञ जाँ पियाजे यांनी स्वतःच्या तीन मुलांचे बारकाईने निरीक्षण केले होते. या वयाच्या सुमारास रुमालाखाली लपविलेले खेळणे बाळ शोधू लागते, असे त्यांनी नोंदविले. डोळ्यांआड झालेली वस्तू नाहीशी होत नाही, हे त्याला उमगलेले असते. मग आई दिसेनाशी झाली तरी ती कोठेतरी आहे हेही कळते, आणि म्हणूनच ती हवी असते. सदैव दिसणारा चेहरा कोणता आणि क्वचित दिसणारा कोणता, हेही ते आता ताडून पाहते. बाळ झोपेत असताना जाणारे आणि रात्री परतणारे वडील या ताळेबंदात मागे पडतात, इतकेच.

अशा वेळी बाळाला एकदम उचलून घेऊ नये. जवळ बसावे, घरच्यांशी बोलावे, त्याला निवांत न्याहाळू द्यावे. बहुधा थोड्या वेळाने ते आपणहून सरकत येते. दुकान उघडण्यापूर्वीचा अर्धा तास वडिलांनी राखून ठेवला, न्हाऊ घातले, पदराआडून ‘कुक’ केले, तर रात्रीची ओळख सोपी होते.

याच सुमारास बाळाला चिमटीने वस्तू उचलता येऊ लागते. खिशातून पडलेले नाणे, सुपारीचे खांड, शेंगदाणा, घड्याळातील चपटा सेल सारे थेट तोंडात जाते. त्यातला सेल गिळला गेला तर क्षणाचाही विलंब न करता रुग्णालय गाठावे.

चालण्याविषयी मात्र नातेवाइकांत उगाच चढाओढ चालते. जागतिक आरोग्य संघटनेने २००६ साली भारतासह ५ देशांतील निरोगी बाळांची पाहणी प्रसिद्ध केली. तीत स्वतंत्र चालण्याचे वय सुमारे ८ ते साडेसतरा महिने इतके पसरलेले आढळले. काही बाळे तर रांगलीच नाहीत. चाकांच्या वॉकरने ही वाटचाल लवकर होत नाही, उलट जिन्यावरून पडण्याचा धोका वाढतो. कॅनडाने २००४ मध्ये त्यावर बंदीच घातली. आपला जुना पांगुळगाडा बरा. त्यात बाळाला स्वतःच्या पायांवर उभे राहावे लागते.

वर्षाचे होऊनही बाळ हाकेला वळून पाहत नसेल, ‘बाबा-दादा’सारखे बोल काढत नसेल, आधार देऊनही उभे राहत नसेल किंवा येत असलेले काही विसरले असेल, तर वाट न पाहता बालरोगतज्ज्ञांना दाखवावे. श्रवणाची तपासणी त्यात आवर्जून करून घ्यावी.